आज तुम्ही ठीक आहात

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये जराशी थबकली तरी मी धोक्याचं बटण दाबून मोकळी होते. गॅस बंद केला की नाही ते बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत जाते, आणि तो बंदच असतो. आत्या मला लहानपणापासून भित्री भागूबाई म्हणायची, पुढे पुढे नुसतं भागूबाई. आईवडील गेल्यावर तिनंच मला वाढवलं, त्यामुळे तिला म्हणायचा हक्क आहे. इतरांनी म्हटलेलं मी खपवून घेत नाही.

या घाबरटपणाचा एकच फायदा झाला, तो म्हणजे माझी नोकरी. आमचं केंद्र एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांवर लक्ष ठेवतं. शहरभर मिळून तीनशे बारा घरं. प्रत्येक घरात एक टॅब्लेट, त्यावर एक पान, आणि पानावर एकच बटण: 'मी ठीक आहे'. सकाळी उठलं की ते दाबायचं. इकडे केंद्रात भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्या घराचा पिवळा ठिपका हिरवा होतो. दहापर्यंत झाला नाही तर फोन जातो, फोन उचलला नाही तर साडेदहाला भेटसेविका दारात हजर. आणि हिरवा झाला, की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या घराकडे कुणी फिरकत नाही.

ते पान माझं. माणसाला जे डोळ्यांनी दिसतं आणि बोटानं दाबता येतं, ते सगळं माझ्याकडे. दाबल्यानंतर ते कुठे पोहोचतं, कुठे साठवतात, ते तळघराकडे. तळघर म्हणजे माझा सहकारी. 'आपलं काम तळघरातलं, वर काय रंगरंगोटी चालते आपल्याला ठाऊक नाही,' असं तो उठसूट म्हणतो, म्हणून त्याला हे नाव पडलं. हुशार आहे, पण माझ्या कामाला रंगरंगोटी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

मी आले तेव्हा त्या पानाचा नुसता आनंदीआनंद होता. बटण नखाएवढं. ते कसंबसं दाबलं, की वर प्रश्न: 'तुम्हाला खात्री आहे का?' सत्तरी ओलांडलेल्या माणसाला सकाळी सकाळी विचारायचं, की बाबा रे, तू ठीक आहेस याची तुला खात्री आहे का. पुलापलीकडे एक शिंपीकाका राहतात, ते रोज 'नाही' दाबायचे. रोज भेटसेविका धापा टाकत चार जिने चढायची, आणि काका दारात उभे राहून म्हणायचे, खात्री कुणाला असते हो. तो प्रश्न मी पहिल्या आठवड्यात काढून टाकला. बटण तळहाताएवढं केलं. हात थरथरणारी माणसं तेच बटण चार-चार वेळा दाबायची, त्यानं वेगळाच गोंधळ व्हायचा. म्हणून दिवसातलं पहिलं दाबणं मोजायचं आणि बाकीची फेकून द्यायची, असं केलं.

मग आवाज. बऱ्याच जणांना पडद्यावरचं वाचता येत नव्हतं, म्हणून पान बोलकं करायचं ठरलं. यंत्राचा आवाज म्हाताऱ्यांना आवडेना, तेव्हा मीच माझा आवाज दिला, स्टेशनरीच्या खोलीत, कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून. शिकवायला आत्या. तिनं चौतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढलीत, तिचा आवाज ऐकून माणसं चुकीचा नंबर लागला तरी फोन ठेवायची नाहीत म्हणे. तिनं माझ्याकडून ती दोन वाक्यं तीस वेळा म्हणून घेतली. 'तुमची नोंद पोहोचली. आज तुम्ही ठीक आहात.'

"अशी काय बोलतेस, रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखी?" आत्या म्हणाली. "हसून बोल. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, की माणूस इथं खोलीत उभं आहे."

एकतिसाव्या वेळी तिनं मान डोलावली. म्हणाली, "हां. आता दाराकडे बघावंसं वाटतं."

सगळ्यात मोठं दुखणं मात्र नेटचं होतं. ते सारखं जायचं. माणूस बटण दाबायचा, ते दाबणं हवेत विरायचं, ठिपका पिवळाच, आणि भेटसेविकांची वणवण. त्यांच्या अगदी नाकी नऊ आले होते. मी असं केलं, की नेट नसेल तर टॅब्लेटनं ते दाबणं स्वतःजवळ सांभाळून ठेवायचं आणि नेट आलं की आपणहून पाठवायचं. पोहोचलं की माझा आवाज सांगणार, पोहोचली नोंद. दिवसाला वीस फुकटच्या खेपा व्हायच्या, त्या दोनवर आल्या. केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, की या मुलीनं आपल्या बायकांचे पाय वाचवले. त्या दिवशी मी घरी जाऊन दोनदा आरशात बघितलं.

आणखी एक गोष्ट केली, ती सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी आत्याला फोन करणं बंद केलं. आधी रोज सकाळी नऊला माझा फोन असायचा. ती काल काय खाल्लं, कुठं दुखतं, शब्दकोड्यात कुठला शब्द अडला, हे सगळं ऐकवायची. मी एका हातानं फोन आणि एका हातानं वेणी धरून 'हो हो' करायची. मग तिचं घर आमच्या यादीत आलं. केंद्रात शिरलं की मी आधी तिचा ठिपका बघायची. हिरवा दिसला की जीव भांड्यात पडायचा, आणि तेवढंच पुरायचं. फोन आधी दिवसाआड झाला, मग रविवारचा, मग कधीतरी. आत्यानं तक्रार केली नाही. एकदा फक्त म्हणाली, "तुझी ती पाटी बरी आहे गं, पण तिला शब्दकोडं येत नाही."

टॅब्लेटला ती पाटी म्हणते.

त्या बुधवारी पहाटे पुलापलीकडे रस्ता खणताना कुणीतरी केबल तोडली आणि त्या सगळ्या भागाचं नेट गेलं. आमची पंधरा घरं पिवळी. आत्याचं त्यातच. दहा वाजता आमच्या फोनवाल्या दोघींनी पंधराही घरी फोन केले, सगळी माणसं ठणठणीत निघाली. आत्या म्हणाली, मी बटण दाबलंय, पाटीवर आलंय, जपून ठेवते. ठरल्याप्रमाणे सगळं झालं, आणि मीही निवांत होते.

गुरुवारी मी नऊला केंद्रात पोचले, तर पुलापलीकडच्या अकरा घरांचे ठिपके हिरवे झालेले. नेट परत येत होतं, अजून चार घरांत यायचं होतं. मोठ्या बाई पडद्यासमोर चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. "ये," त्या म्हणाल्या, "तुझी माणसं आली बघ परत."

मी सवयीनं आत्याच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. ठिपक्यावर बोट ठेवलं की वेळ दिसते. आठ वाजून पाच मिनिटं.

मी म्हटलं, वा, आज लवकर उठली. पर्स टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली. आणि बसता बसता तशीच परत उभी राहिले.

आत्या नऊच्या आधी बटण दाबत नाही. कधीच नाही. अकरा महिन्यांत एकदाही नाही. तिचं म्हणणं असं, की दोन कप चहा पोटात गेल्याशिवाय मी ठीक नसते, मग खोटं कशाला बोलू. ती उठते आठला, चहा करते, शब्दकोडं अर्धं सोडवते आणि मग बटण दाबते. नऊ दहा, नऊ वीस, एकदा नऊ छत्तीस, त्या दिवशी मी घामाघूम झाले होते. आठ पाचला ती पांघरुणात असते.

मी शेजारच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. शिंपीकाका. आठ वाजून पाच मिनिटं. त्याच्या शेजारचा. आठ पाच. मी एकेक करत अकराही बघितले, आणि अकराही घरांत, कुणी बहिरं, कुणी आंधळं, कुणी सातला उठणारं, कुणी अकराला, सगळ्यांनी एकाच मिनिटाला बटण दाबलेलं होतं.

"तळघर," मी म्हटलं. माझा आवाज एवढा बारीक निघाला, की तो काहीतरी फाजील बोलायच्या बेतात होता तो थांबला. "या वेळा कसल्या आहेत? बटण दाबलं त्या, की तुझ्याकडे पोहोचलं त्या?"

"पोहोचलं त्या. आणि कुठल्या असणार? दाबलं कधी ते तू पाठवतच नाहीस."

"मी पाठवत नाही?"

"नाही. तूच नको म्हणालीस ना. त्या घड्याळांमुळे."

आणि मला आठवलं. म्हाताऱ्यांच्या टॅब्लेटची घड्याळं भरवशाची नव्हती. कुणाची बॅटरी संपायची, कुणाच्या नातवानं काहीतरी चिवडलेलं असायचं. एका आजीची पाटी अकरा वर्षं मागं चालत होती. तेव्हा मी म्हटलं होतं, घरातल्या घड्याळावर विश्वासच ठेवायला नको, इथं पोहोचलं ती वेळ धरू, मिनिट-दोन मिनिटांनी काय बिघडतं. चाचणीही घेतली होती. नेट बंद करायचं, बटण दाबायचं, दहा मिनिटं थांबायचं, नेट चालू करायचं. प्रत्येक वेळी बरोबर. एक रात्र मध्ये जाऊ द्यावी, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. घाबरट म्हणवते आणि जिथं घाबरायचं तिथं मी दहा मिनिटांत समाधानी झाले होते.

म्हणजे हे अकरा हिरवे आजचे नव्हते. हे कालचे होते. अकरा माणसं काल सकाळी ठीक होती, एवढंच मला ठाऊक होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. आजचं काही नाही.

"पण आज परत दाबलं असेल ना त्यांनी," तळघर म्हणाला. "उठले असतील, दाबलं असेल."

"दाबलं असेल तरी फेकून दिलं असेल. दिवसाचं पहिलंच मोजायचं, बाकीचं फेकायचं. तेही मीच केलंय."

त्यानं पडद्यावरच्या अकरा ठिपक्यांकडे बघितलं. रंगरंगोटीही म्हणाला नाही.

मी आत्याचा नंबर लावला. वाजत राहिला. घंटा चौदा वेळा वाजते आणि मग बंद होते, हे मला त्या दिवशी कळलं. परत लावला, परत चौदा. मी मोठ्या बाईंना सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, तोंडातून शब्द उलटेसुलटे बाहेर पडले. हिरवं खोटं आहे, अकराही खोटी आहेत, माझी आत्या फोन उचलत नाही.

मोठ्या बाईंनी पडद्याकडे पाहिलं. कुणालाही वाटावं तसंच त्यांना वाटलं असणार, की सगळं हिरवंगार आहे आणि ही पोरगी कसली घाबरलीय. अकरा महिने मीच त्यांना शिकवलं होतं, हिरव्यावर विश्वास ठेवा. पण त्यांनी कप खाली ठेवला.

"अकरा नावं कागदावर लिहा," त्या फोनवाल्यांना म्हणाल्या. "सगळ्यात वयस्कर आधी. एकेकाला फोन, आणि ती व्यक्ती स्वतः बोलल्याशिवाय खूण करायची नाही. भेटसेविका तिघी आहेत, तिघीही टेकडीच्या बाजूला गेल्यात, त्यांना वळवते. यायला तास जाईल." मग माझ्याकडे वळून, "उरलेल्या चार घरांचं काय? तिथं नेट आलं की?"

"तीही हिरवी होतील."

"खोटी?"

"खोटी."

"मग आधी ते थांबव."

मला जायचं होतं. आत्याचं घर पुलापलीकडे, पायी पंधरा मिनिटं. माझे पाय आधीच दाराकडे वळले होते. तळघर म्हणाला, तू जा, मी करतो. पण त्याला माझ्या पानातलं काय ठाऊक? कुठली ओळ काढली म्हणजे काय बंद पडतं, ते मलाच माहीत. आणि त्या चार घरांतही कुणाची तरी आत्या होती. मी बसले. जे मी पाच महिने खपून केलं होतं, ज्याच्यासाठी आरशात बघितलं होतं, ते शोधून काढलं आणि पुसायला घेतलं. बोटं इतकी थरथरत होती, की एकच अक्षर चार-चार वेळा उमटत होतं, आणि मला सारखे ते थरथरते हात आठवत होते, ज्यांच्यासाठी मी बटण मोठं केलं होतं. मागे फोनवाली म्हणत होती, "हॅलो काका, केंद्रातून बोलतेय, तुम्ही स्वतःच ना?" तळघर माझ्या खुर्चीमागे उभा राहून एकेक ओळ तपासत होता. सहा मिनिटं लागली. पडदा एकदा मिचकला, आणि अकराही ठिपके पिवळे झाले. माझ्या आत्याचा पिवळा झालेला बघून मी पळत सुटले.

रिक्षा मिळाली ती पुलाच्या तोंडाशी अडकली. केबलवाल्यांनी अर्धा पूल खणून ठेवला होता. मी उतरले आणि पळाले. मी काही पळणाऱ्यांतली नाही, चप्पल एकदा निसटली ती हातात घेतली. टायरच्या दुकानासमोरून, लॉन्ड्रीसमोरून, मी एका पायात चप्पल घालून पळत होते आणि माझ्या डोक्यात एकच हिशोब चालला होता. काल दहाला फोनवर बोलली. काल दहा ते आज नऊ. तेवीस तास. तेवीस तासांत माणसाचं काय काय होऊ शकतं, याची यादी घाबरट माणसाजवळ कायम तयार असते.

लॉन्ड्रीच्या कोपऱ्यावर तळघराचा फोन आला.

"सात झाले. सातही ठीक. शिंपीकाका म्हणाले, खात्री नाही, पण ठीक."

"आत्या?"

"वाजतोय," तो म्हणाला. नंतर म्हणाला, "मी ठेवत नाही, लावत राहतो. तू पळ."

आत्या दुसऱ्या मजल्यावर. जिन्यावरच मला तिचा फोन ऐकू आला. आत वाजत होता, थांबत होता, परत वाजत होता. किल्ली माझ्याकडे होती, पण माझ्या घरी, खिळ्याला. आधी पर्समध्ये असायची. पर्स बदलली तेव्हा म्हटलं, आता काय गरज.

मी दार वाजवलं. "आत्या. मी आहे." काही नाही. पत्रं टाकायच्या फटीला तोंड लावलं. "आत्या, मी आलेय. आत्या गं." फोन वाजायचा थांबला, आणि त्या शांततेत मला वाटलं, की कुणीतरी श्वास घेतला. मग वाटलं, आपणच घेतला. मी परत हाक मारली, मोठ्यांदा. आतून काही नाही.

समोरच्या दारातून गाडी शिकवणारे काका बाहेर आले, तोंडाला दाढीचा साबण तसाच. मी दाराकडे बोट दाखवलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, टॉवेलनं तोंड पुसलं आणि खांदा दाराला लावला. तिसऱ्या धक्क्याला लॅच तुटलं.

ती स्वयंपाकघरात होती. ओट्याच्या आणि टेबलाच्या मध्ये, फरशीवर, उताणी. एक पाय असा वळलेला, की पायाला तसं वळता येत नाही. साडी चुरगळलेली. डोळे मिटलेले. टेबलावर फोन, आणि फोनच्या शेजारी उभी करून ठेवलेली पाटी, तिच्यावर माझंच मोठं हिरवं अक्षर: आज तुम्ही ठीक आहात.

"आत्या," मी म्हटलं.

तिचे ओठ हलले. "गप्प बस गं आता," ती म्हणाली. डोळे न उघडता.

मला वाटलं, ती माझ्यावर चिडलीय. असू दे, म्हटलं, चिडू दे, जिवंत आहे. मी गुडघ्यांवर बसले आणि तिचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. हात लागला तशी ती दचकली. डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, आणि बराच वेळ हाताकडेच बघत राहिली.

"तुला हात आहे," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे तूच आहेस."

गाडीवाले काका ॲम्ब्युलन्सला फोन करत होते. मी पाणी आणलं, चमच्यानं ओठांना लावलं, चादर आणून पांघरली. पाय हलवायचा नाही एवढं मला कळत होतं. ती थांबून थांबून बोलत होती, पण बोलणं सोडत नव्हती. चौतीस वर्षं एक्सचेंजमध्ये काढलेलं माणूस ते.

काल संध्याकाळी सातला पडली. स्टुलावर चढली होती, चहाचा डबा काढायला. पाय गेला तो गेलाच, उठता येईना, टेबलापर्यंत हात पोहोचेना. "पण मी घाबरले नाही हं," ती म्हणाली. "मी काही तू नव्हे. म्हटलं, आपली भागूबाई आहे ना तिथं. उद्या बटण दाबलं गेलं नाही, की दहाला फोन, साडेदहाला माणूस. तूच सांगितलं होतंस. साडेदहापर्यंत काढायचं. रात्रभर घड्याळ मोजलं. बारा, एक, दोन. शब्दकोडं मनात सोडवलं. बरोबर जमत आलं होतं सगळं."

ती थांबली. मी परत चमचा लावला.

"मग सकाळी तू बोललीस."

मी चमचा खाली ठेवला.

"उजाडलं होतं. तू इथं माझ्या डोक्याशी, हसून. मला वाटलं, आलीस. साडेदहा वाजायच्या आधीच आलीस. मी म्हटलं, आलीस का गं, जरा हात दे. केवढ्यांदा म्हटलं. म्हटलं, दिवा लाव. म्हटलं, बोलत का नाहीस. बराच वेळ बोलत होते मी तुझ्याशी. मग कळलं, पाटी आहे." तिनं डोळे मिटले. "मग म्हटलं, तिकडे हिरवं झालं. आता कुणी यायचं नाही."

"आणि आत्ता दाराशी हाक मारली तर..."

"मला वाटलं, परत तीच," आत्या म्हणाली. "एकदा फसले. परत कशाला ओ देऊ?"

टेबलावर फोन परत वाजायला लागला. तळघर अजून लावत होता. मी उचलला आणि म्हटलं, "आहे. जिवंत आहे." तिकडे त्यानं कुणाला तरी मोठ्यांदा सांगितलं, अकरा, अकरा झाले. मी फोन ठेवला आणि पाटीचं तोंड खाली करून ती टेबलावर आडवी ठेवली.

ॲम्ब्युलन्सवाले दोघं जिना चढून आले, एक थोराड आणि एक चष्मेवाला. त्यांनी स्ट्रेचर लावलं, पाय बांधला. आत्या एकदा कण्हली, फक्त एकदा. चष्मेवाल्यानं तिच्या मनगटावर बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत, ते लोक सगळ्यांनाच विचारतात तसं विचारलं, "काय आजी, ठीक आहात ना?"

आत्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"तिला विचारा," ती म्हणाली. "सकाळी आठ वाजता तीच म्हणाली, ठीक आहात म्हणून."

चष्मेवाला माझ्याकडे बघून हसला, त्याला वाटलं आजी थट्टा करतायत. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण माझा आवाज त्या स्वयंपाकघरात परत ऐकू यावा असं मला वाटेना. दोघांनी स्ट्रेचर उचललं. मी तिचा हात धरला, आणि जिना उतरून गाडीत बसेपर्यंत एक शब्द न बोलता तो धरून ठेवला.